ह्यांचं जॅकेट माझ्या मापाचं नाही

५ नोव्हेंबर
गाडी आली मेकॅनिककडून. हँडल सरळ केलंय, टाकीवरचा पोचा तसाच. म्हणाला, तो काढायचा तर टाकी रंगवावी लागेल. राहू दे म्हटलं.

गाडी अंगणात लागली तशा आत्याबाई, माझ्या सासूबाई, उठून मागच्या दारी गेल्या. पोटच्या पोराची गाडी तीन महिन्यांनी घरी आली, तर पाठ फिरवून भांडी घासत बसल्या. घासलेलीच भांडी.

उद्यापासून उपकेंद्रावर एकटीने जायचं. डॉक्टरसाहेबांनी स्पष्टच सांगितलंय, "सिस्टर, तीन गावं आहेत तुमच्याकडं. जायची सोय असंल तर ऑर्डर पुढं चालू. नसंल तर मला दुसरी बाई बघावी लागंल." माझी सोय म्हणजे हे होते. सकाळी सोडायचे, संध्याकाळी न्यायला यायचे. मला सोडून परत जातानाच गेले. ताडकळस रोड, पुलाच्या अलीकडे.

घर आता माझ्याच पगारावर. गाडी यायलाच पाहिजे. बाळूने, माझ्या भावाने, गायरानात शिकवलीय. येते तशी.

६ नोव्हेंबर
निघताना आत्याबाई दारात आडव्या. हातात ह्यांचं जॅकेट.

गेलेल्या माणसाच्या अंगावरचे कपडे घरात ठेवत नाहीत. बाळूने गंगाखेडला जाऊन गंगेत गाठोडं सोडलं होतं. त्या गाठोड्यात जॅकेट नव्हतंच, हे आज कळलं. वाकळांच्या थप्पीखाली दडवलं होतं म्हातारीने. धुतलेलंही होतं. कधी धुतलं, कुठं वाळवलं, मला पत्ता नाही.

"हे घातल्याबिगर गाडीला हात लावायचा न्हाई. मपल्या लेकाचं हाय. त्यो संगं हाय असं समज."

घातलं. काय करणार. त्याला आता त्यांचा वास येत नाही, निरम्याचा येतो.

८ नोव्हेंबर
खांद्याची शिवण दंडावर लोंबते. बाह्या बोटांच्या टोकापर्यंत. कोपरात जे कडक पॅड असतं ते माझ्या मनगटाकडे घसरलेलं. आजार म्हशीला अन् इंजेक्शन पखालीला. गाडी पळायला लागली की आत वारा शिरतो, पाठीवर फुगा होतो. गावातली पोरं हसतात. हसू देत.

तसं ते ह्यांनाही ढगळच होतं. या घरात अंगाबरोबर कपडा घेणं म्हणजे उधळेपणा. मोठा घ्यायचा, आज एकाने घालायचा, उद्या दुसऱ्याने. ह्यांचा लग्नातला कोट सासऱ्यांनी मरेपर्यंत घातला. जॅकेट आणलं त्या दिवशी मी चिडवलं होतं, ह्यात अजून एक माणूस मावतो. तर म्हणाले, "मग ये की आत."

आज त्या आत मी एकटीच.

११ नोव्हेंबर
लसीकरण. पोरं रडून रडून दमली, मी पण. एका आईने विचारलं, सिस्टर, तुमच्या मालकांचं का हे? हो म्हटलं. तिने जॅकेटच्या बाहीवरून हात फिरवला. मला एकदम तो दवाखाना आठवला, परभणीचा.

लिहूनच टाकते एकदा. हेल्मेट होतं म्हणून डोक्याला काही नव्हतं. पण डांबरावरून घसरत गेले तेव्हा जॅकेट वर सरकलं, पार काखेपर्यंत. पाठ, बरगड्या सगळं उघडं. कोपरं सोललेली, अन् जॅकेटच्या कोपराला ओरखडा नाही. मार आत लागला होता, रक्त आत साचलं. मी डॉक्टरला विचारलं, मापाचं असतं तर? ते म्हणाले, ताई, असं सांगता येत नाही. मी रोज लोकांना सुया टोचते, मला कळतं की सांगता येत नाही. तरी डोक्यातून जात नाही.

आत्याबाईंना हे मी कधीच सांगितलं नाही. त्यांच्या जिवाला अजून एक घोर कशाला.

१४ नोव्हेंबर
पडले.

फार नाही. उसाच्या ट्रॅक्टरने रस्त्यावर चिखल करून ठेवलेला. गाडी हळूच होती. घसरली, मी डाव्या अंगावर. लसीचा डबा सलामत. गाडी उचलली, उपकेंद्र गाठलं, दार लावून जॅकेट काढलं. डावं कोपर सोललंय, कमरेच्या वर वीतभर कातडं गेलंय. जॅकेट वर चढलं होतं. अगदी तसंच. कोपराच्या पॅडला चिखलसुद्धा नाही.

स्वतःच ड्रेसिंग केलं. आरशात पाठ बघायची हिंमत झाली नाही.

ह्यांचा राग आला. एक जॅकेट नीट बघून घेता आलं नाही तुम्हाला?

१५ नोव्हेंबर
कोपर लपवता आलं नाही, भाकरी थापताना दिसलंच. आत्याबाईंनी हळद आणून लावली. मीच विषय काढला. म्हटलं, जॅकेट टेलरकडे देते, खांदे आत घेईल, बाह्या कापून देईल.

"कातर लावायची न्हाई त्याला."

"मग मी पुन्हा पडल्यावर?"

"कामून पडतीस? बघून चालीव."

एवढं बोलून चुलीपुढून उठल्या. तव्यावरची भाकर जळली. जळकीच खाल्ली दोघींनी.

१९ नोव्हेंबर
परभणीला मीटिंग होती. लवकर सुटली म्हणून जॅकेट बघायला गेले. पहिलं दुकान, हेल्मेट, सीट कव्हर, सगळं लटकलेलं. मालक मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला, "ज्यांना घालायचंय त्यांनाच आणा ताई. मापाशिवाय आम्ही देत नाही, मग लोक परत आणून देतात."

"मलाच घालायचंय."

आता बघितलं. "तुम्हाला? स्कूटीवर कशाला लागतंय हे? स्वेटर घ्या की एखादा. नाहीतर सायबांचंच घाला."

"साहेब नाहीत."

त्याने फोन खाली ठेवला. बिचारा गडबडला. पाणी मागवलं. मला पाणी नको होतं, जॅकेट पाहिजे होतं.

लहान मापाचं घातलं तर खांदे बरोबर, छातीला चेन लागत नाही. त्याच्या पुढचं घातलं तर चेन लागते, पॅड पुन्हा मनगटाकडे. बायकांना खांदे असतात आणि छातीही असते, हे कंपनीवाल्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. मालक म्हणाला, "बसतंय की, उभ्यानं तर छान दिसायलंय." उभ्याने सगळंच छान दिसतं.

रिकाम्या हाताने परत.

२२ नोव्हेंबर
रविवार. बाळूबरोबर पुन्हा परभणी. स्टेशनच्या बाजूचं दुकान, मालकाला चाचा म्हणतात सगळे. काही विचारलं नाही त्यांनी, ढीग पुढ्यात टाकला. पाचवं-सहावं घातलं ते बरं वाटलं. म्हटलं, जरा बाहेर जाऊन येते.

"अरे, किधर चाल्ले बाई?" चाचा मागे पळत. त्यांना वाटलं, घालून चालले मी.

रस्त्याकडेला आमची गाडी उभी होती, तिच्यावर बसले. दोन्ही हात हँडलवर. पुढे वाकले. बाळूला म्हटलं, पाठीमागून ओढ, जोर लावून. तो लाजतोय. चहाच्या टपरीवरची सगळी माणसं बघतायत. ओढ म्हटलं ना! ओढलं. वर सरकलं नाही. कोपर वाकवलं, पॅड कोपरावरच. बाही धरून पिरगळली, पॅड जागचं हललं नाही. मनगट झाकलेलं. चेन गळ्यापर्यंत, श्वास मोकळा. अंगाला धरून होतं ते, कुणीतरी धरल्यासारखं. तिथेच रडू आलं. गाडीवर बसून, भर रस्त्यात. बाळू टपरीकडे तोंड करून उभा राहिला.

एकच अडचण. अंग काळं, पण बाह्या लालभडक. चाचांना विचारलं, दुसरा रंग? "इस माप में येच एक है. कॉलेज के लडके लोगां का है. महिने से पडा है."

कपाळाला कुंकू नाही अन् बाह्या लाल. घेतलं.

२३ नोव्हेंबर
गल्लीत व्हायचं ते झालं. समोरची म्हणाली, "लवकर सावरल्या बाई." मी म्हटलं, सावरायलाच घेतलंय. तिला कळलं नाही.

आत्याबाई रंगावर काहीच बोलल्या नाहीत. ह्यांचं जॅकेट खुंटीवर होतं, त्याच्याकडे बोट केलं. "म्हंजे ह्याला सोडलंस तू." मी निघाले. आरशात बघितलं तर दारातच उभ्या.

२६ नोव्हेंबर
तीन दिवस बोलणं बंद. जेवायला वाढतात, ताट आपटतात. गाडी मात्र छान चालतेय. पाठीत वारा शिरत नाही. वळणावर हात घट्ट राहतात. पुलापाशी अजून हात आपोआप ब्रेकवर जातो, ती सवय कुठल्या जॅकेटने जायची नाही.

२८ नोव्हेंबर
आज फुटल्या. तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो ओसरीत. मान खाली घालूनच म्हणाल्या,

"त्यानं आधी अंगाबरोबरचंच आणलतं."

मला कळेना.

"जाकीट. तू उपकेंद्रावर गेलतीस. मला घालून दाखविलं. मी म्हणले, हे काय आंगडं हाय का पोराचं? मोठं आण, चार सालं जाईल, कुणाच्या बी अंगाला यील. तसाच माघारी गेला, बदलून आणलं."

शेंगा सोलत राहिल्या. मी पण.

"धुतलं तवा बघितलं मी. कोपराला खरचटा न्हाई. रगत समदं आतून."

म्हणजे सगळं माहीत होतं. मी जे तीन महिने त्यांच्यापासून लपवत होते, ते त्यांनी स्वतःच्या हाताने धुतलं होतं. आणि मग तेच माझ्या अंगावर चढवलं? माझा आवाज चढला. म्हटलं, आत्याबाई, मग मला का घालायला लावलं?

हातातली शेंग सोलून संपवली. मग म्हणाल्या, "तू रोज ते घालून नीट माघारी आली असतीस, तर म्हणले असते, जाकिटाचा दोष न्हाई. मपला न्हाई."

सूप तसंच टाकून मी उठले. माझ्या जिवावर स्वतःची परीक्षा बघितली ह्या बाईने. तिचंच कोपराला हळद लावणं आठवलं आणि अजून राग आला. आणि कीवही आली. दोन्ही एकदमच.

डॉक्टर म्हणाले ते सांगितलं नाही, की सांगता येत नाही म्हणून. सांगायला पाहिजे होतं. आज जमलं नाही.

३० नोव्हेंबर
ताडकळसचा बाजार. मी सुट्टीवर. गाडी काढत होते तर मागून, "मला बी ने."

हे गेल्यापासून आत्याबाईंनी त्या रस्त्याला पाऊल टाकलेलं नाही. वळून बघितलं. लुगड्यावर ह्यांचं जॅकेट. चेन लावलेली, हात बाह्यांत हरवलेले. एवढीशी म्हातारी, त्यात अजून दोन माणसं मावली असती.

म्हटलं, काढा ते. आपल्या दोघींना माहीत आहे ना, ते बरं नाही म्हणून.

"मला थंडी वाजायली." आणि चढून बसल्या.

त्यांच्याशी भांडायचं बळ नव्हतं. हेल्मेट घातलं त्यांना. रस्त्यात परवा मनात ठेवलेलं सांगून टाकलं, मान अर्धी वळवून, वाऱ्यात ओरडून. डॉक्टरला विचारलं होतं. मापाचं असतं तरी वाचले असते असं नाही. कुणालाच सांगता येत नाही. ऐकलं का आत्याबाई? माझ्या कमरेभोवतीचे हात घट्ट झाले, एवढंच.

पुलाच्या अलीकडे म्हणाल्या, "थांब." थांबले. उतरल्या. रस्त्याकडे बघत राहिल्या. डांबरावर काहीच नाही आता. पुलाखाली पाणी होतं थोडं. चेन खाली ओढली त्यांनी, एक बाही काढली. मला वाटलं, आता सोडतात. बाळू जे सोडू शकला नाही ते इथे सोडतात.

मग ती बाही परत घातली. चेन लावता येईना, मी लावून दिली, गळ्यापर्यंत.

"चल. उद्या बी येते तुझ्यासंगं. उपकेंद्रावर बसंन कोपऱ्यात."

म्हटलं, येऊ नका असं नाही. पण आधी परभणीला जाऊ, चाचांकडे. तुमच्या मापाचं बघू.

"मला कशाला माप," म्हणाल्या, आणि चढून बसल्या.

बाजारापर्यंत गाडी हळू चालवली. मागे बाह्या वाऱ्यावर फडफडत होत्या.