उत्तराची वाट

ती. ताईस, धाकटीचा नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. बी.एड.च्या वर्गातल्या मुली मला मावशी म्हणतात. माझी छकुली तुला वेणी घालू देते ना?

काल शेवटचा सराव पाठ झाला. त्यात नापास झाले असते, तर पदवी वर्षभर लांबली असती. पास झाले.

मागच्या बाकावर बसून शेरे लिहिणाऱ्या बाई म्हणाल्या, "बाकीच्या प्रश्न विचारतात आणि स्वतःच उत्तर देऊन मोकळ्या होतात. तुम्ही पोरांसाठी छान थांबता हो. कुठे शिकलात?"

"घरी," म्हटलं.

हे जाऊन दोन वर्षं झाली, तरी चहा टाकू का म्हणून मी अजून विचारते आणि थांबते. ते बाईंना सांगितलं नाही.

आईला फक्त पास झाल्याचं सांग.

तुझी,
धाकटी