गेलेल्याला लेफ्ट, उरलेल्यालाही लेफ्ट

पोर्ट सैद,
१७ नोव्हेंबर, रविवार

प्रिय वैजयंती,

आधी ‘सप्रेम नमस्कार’ लिहून खोडलं. बायकोला इतक्या अदबीने लिहिलं की पुढचं वाचण्यापूर्वीच तिला वाईट बातमीची शंका येते. ‘अनेक आशीर्वाद’ लिहावेत, तर तू माझ्याहून चार महिन्यांनी मोठी. तेव्हा नुसतंच प्रिय. इकडे सर्व क्षेम आहे, तिकडचं कळवत असावं.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. पण फोनवर आपण दोघं हवामान खात्यात नोकरीला असल्यासारखे बोलतो. तिकडे गारठा पडलाय, इकडे वारा सुटलाय, बरं, ठेवते. पत्रात निदान पान भरेपर्यंत कुणाला ठेवता येत नाही.

तुझा मेसेज पोचला. ‘माझे कपाटातले कपडे कुणा गरजूला देऊन टाक, उगाच जागा अडवून बसलेत,’ असं तू लिहिलंस. त्याचं उत्तर देतो. पण आधी बातम्या.

मासेवाला फवझी अजून तुझ्या नावाने बुरी नावाच्या माशाची डोकी बाजूला काढून ठेवतो. मला त्यांचं काय करायचं ते कळत नाही, आणि त्याला नको म्हणायचं कसं तेही कळत नाही. त्यामुळे आपल्या जिन्यातली मांजरं माझ्यापेक्षा बरी जेवतात. कचेरी आहे तशीच आहे: जहाजं येतात, कालव्यात शिरतात, जातात, आणि आम्ही त्यांचे कागद करतो. बेकरीच्या माडीवरचा माझा संध्याकाळचा इंग्रजीचा वर्गही चालू आहे. खालून भाजलेल्या भाकरीचा वास आला की वर कुणाचंही व्याकरणात लक्ष राहत नाही, गुरूचं तर मुळीच नाही.

वर्गात तू गेल्यावर आलेली एक बाई आहे, रावया. चाळिशीची, शाळेचे गणवेश शिवते, कालव्यापलीकडे पोर्ट फुआदला राहते आणि फेरीबोटीने येते. नवरा शिहाता लिव्हरपूलला एका हॉटेलात स्वयंपाकी आहे. इंग्रजीची तोंडी परीक्षा पास झाली की हिला त्याच्याकडे जायचा रस्ता मोकळा. म्हणजे बाईचा संसार आणि बाई यांच्यामध्ये मी उभा. संस्कृत पाठशाळेत वाढलेला माणूस पोर्ट सैदला अरबांना इंग्रजी शिकवतो, हा विनोद तुला जुना झाला असेल. मला अजून पुरतो.

एक दिवस तिने फोनवर नवऱ्याच्या कागदाचं छायाचित्र दाखवलं. वर ठळक अक्षरांत ‘लीव्ह टू रिमेन’. आदल्याच आठवड्यात लीव्ह म्हणजे निघून जाणे आणि रिमेन म्हणजे मागे राहणे, असं मी छाती पुढे काढून शिकवलं होतं.

“मास्तर, हे सरकार माझ्या नवऱ्याला काय सांगतंय? चालता हो की बैस?”

“बैस. इथे लीव्ह म्हणजे परवानगी. राहण्याची परवानगी.”

“जाणं म्हणजे परवानगी?”

“तो शब्द निराळा, दिसायला सारखा. शिवाय त्याचा अर्थ सुट्टी असाही होतो.”

रावयाने शेजारच्या सौसनकडे बघितलं. ही सौसन औषधांच्या दुकानात असते. वर्गात तिचं काम मुख्यत्वे हसण्याचं. “ऐकलंस?” रावया म्हणाली. “एकच सदरा, तीन भाऊ आळीपाळीने घालतात.”

मी त्यांना सांगितलं की आमच्या मराठीतही रजा म्हणजे परवानगी आणि रजा म्हणजे सुट्टी, आणि तो शब्द बहुधा तुमच्याच मुलखातून आमच्याकडे आलेला आहे. “मग परत द्या की,” सौसन म्हणाली.

त्यानंतर परीक्षेची तालीम सुरू झाली. मी परीक्षक झालो, चष्मा नाकावर ओढला आणि इंग्रजीत म्हटलं, तुमच्या कुटुंबाबद्दल सांगा. रावया ताठ बसली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “माय हजबंड लेफ्ट मी.”

इंग्रजांचा ‘मी’ म्हणजे आपला ‘मला’, हे तुला सांगायला नको.

“रावयाबाई, असं म्हणालात तर त्यांना वाटेल नवऱ्याने तुम्हाला टाकलंय.”

“टाकलंय कशाला? दर शुक्रवारी फोन करतो.”

“मग ‘मी’ काढा. ‘माय हजबंड लेफ्ट.’ बस्स.”

“पण मास्तर, तो घरातून गेला तेव्हा मी घरातच होते ना? मला मागे ठेवूनच गेला ना?”

“हो.”

“मग मला त्या वाक्यात कुठे बसवू?”

वैजू, मी फळ्याकडे तोंड करून खडू शोधला. खडू हातातच होता.

पाठशाळेत गुरुजी विभक्ती शिकवताना उदाहरणात झाडावरून पान पाडायचे, ते आठवलं. निघतं ते पान. पण ज्याच्यापासून ते निघालं आणि जे जागचं हललं नाही, त्या झाडाचीही आपल्या व्याकरणाने विचारपूस केलेली आहे. त्याला अपादान असं भारदस्त नाव दिलंय आणि राहायला एक अख्खी विभक्ती दिलीय, पंचमी. मागे राहिलेल्याची इतकी सोय दुसऱ्या कुठल्या सरकारने केलेली मला ठाऊक नाही. इंग्रजीत मात्र मागे राहणारा वाक्यात आला, की तो टाकलेला ठरतो. नाही आला, तर तो नव्हताच. हे सगळं मी रावयाला सांगितलं नाही. तिला परीक्षा पास व्हायचं होतं, काशीला जायचं नव्हतं.

मग एकदा सौसनने खालून गरम भाकऱ्या आणल्या. वाटून झाल्यावर मी मास्तरकी केली: हाऊ मेनी आर लेफ्ट? सौसन म्हणाली, “टू लेफ्ट.”

रावयाचा घास हातातच राहिला. “दोन गेल्या?”

“नाही, दोन उरल्या.”

“लेफ्ट म्हणजे गेला, असं तुम्हीच सांगितलंत.”

“गेला हेही, आणि उरला हेही.”

“गेलेल्यालाही लेफ्ट आणि उरलेल्यालाही लेफ्ट? मग या लोकांच्या घरात कोण गेलं आणि कोण राहिलं ते कळतं कसं?”

“संदर्भावरून,” मी म्हटलं.

“शेजाऱ्यांना विचारून,” सौसन म्हणाली, आणि तिथेच तिला पुढचं सुचलं. “मास्तर, तुमच्या बाईंचं काय? शी लेफ्ट, की शी लेफ्ट यू?”

सगळ्यांच्या माना वह्यांतून वर आल्या. व्याकरणाच्या तासाला वर्गाचं इतकं लक्ष कधी लागल्याचं मला आठवत नाही. मी म्हटलं, “शी इज ऑन लीव्ह. रजेवर आहे.”

“एवढी मोठी रजा? कुठलं सरकार देतं हो? आम्हीपण अर्ज करतो!”

सगळ्या हसल्या, मीही हसलो. घरी येताना मात्र हिशेब मांडत आलो. तू तुझ्या आईंच्या आजारपणासाठी वाईला गेलीस. आई गेल्या. वर्षश्राद्ध झालं की येते म्हणालीस. वर्षश्राद्धही होऊन गेलं. मग तू म्हणालीस, “बघू.” मीही “बघ” म्हणालो. त्या दिवसापासून आपण दोघंही बघतोय, आणि दिसतं ते नुसतं हवामान.

रावयाची परीक्षा झाली. गुरुवारी ती बसबूशाचा, म्हणजे इथल्या रव्याच्या मिठाईचा, पुडा घेऊन आली आणि जिन्यातूनच ओरडली, “पास!” मग तिने दोन्ही पात्रं स्वतः करून परीक्षा सादर केली. परीक्षक बाईंनी कुटुंबाबद्दल विचारलं. रावया म्हणाली, “माय हजबंड लेफ्ट.” इथे थांबायचं, असं मी तिला दहादा बजावलं होतं. ती थांबली नाही. म्हणाली, “अँड आय ॲम लेफ्ट.”

परीक्षक बाईंनी मान कलती करून “सॉरी” म्हटलं.

“मी म्हटलं, नो सॉरी! ही लेफ्ट, आय ॲम लेफ्ट, नाऊ आय लीव्ह. फिनिश! ती बाई हसली हो, मास्तर. तुम्ही कधी हसला नाहीत माझ्या इंग्रजीला.”

“मी मनात हसत होतो.”

“तुम्ही सगळं मनातच करता,” ती म्हणाली. बसबूसा पुढे करत तिने हळूच विचारलं, “बाईंना विचारता का, कधी येताय म्हणून?”

मी म्हटलं की विचारलं की दडपण येतं. माणसाला मोकळं ठेवावं. आमच्यात तशी पद्धत आहे.

“भलती पद्धत! माझा नवरा दर शुक्रवारी डोकं खातो. कधी येतेस, अजून परीक्षा नाही झाली, तुझा तो हिंदुस्थानी मास्तर झोपा काढतो का. मी भांडते त्याच्याशी. पण एखाद्या शुक्रवारी त्याने विचारलं नसतं ना, तर मी ही वाकडी भाषा कशाला शिकले असते? कुणासाठी?”

मी बसबूसा खात राहिलो. तोंडात काही असलं की उत्तर देण्याची सक्ती नसते. एवढा एकच नियम मला या वर्गात नीट वापरता येतो.

तर आता कपाट. वैजू, ते मी उघडलेलंच नाही. किल्ली सापडत नाही असं लिहिणार होतो. किल्ली कपाटालाच आहे. कपडे कुणालाही दिलेले नाहीत आणि देणार नाही, कारण तुझ्या वाक्याचा अर्थ मला लागत नाही. तू गेलीस, एवढं मला कळतं. मला सोडून गेलीस का, ते कळत नाही. ‘देऊन टाक’ हे तू कपड्यांपुरतं लिहिलंस, की आणखी कशाकशाला ते लागू होतं? कालवाभर जहाजांचे कागद करणाऱ्या माणसाला बायकोच्या एका आज्ञार्थी क्रियापदाचा अर्थ लावता यायला हवा, पण येत नाही.

तुझी आठवण येते, असं लिहायला गेलो तर ते फार सौम्य वाटतं. आठवण काय, वीजबिल पाहूनही येते. इथले लोक तसं म्हणत नाहीत. ‘तू मला ओसाड केलंस’ असं म्हणतात, आणि तेही भाजी निवडता निवडता, भर रस्त्यात, फोनवर ओरडून. इतकी वर्षं या लोकांत राहून मी त्यांची जेवणं शिकलो, शिव्या शिकलो, आणि हे वाक्य मात्र आपल्याला लागणार नाही म्हणून बाजूला ठेवलं. वैजू, तू मला ओसाड केलंस. तक्रार नाही. कर्ता कोण आणि कर्म कोण, एवढंच नोंदवतो.

मी तुला कधीही ‘ये’ म्हटलं नाही. ‘तुला वाटेल तेव्हा ये’ म्हटलं, आणि त्यात वाटण्याचं सगळं काम तुझ्यावर टाकलं. आता नुसतं विचारतो: येतेस का? ते घर, तो घाट, तो गारठा तुला सोडवत नसेल तर तसं लिही. मग मी विचारीन, मी येऊ का? कचेरी सोडता येते. वाईला इंग्रजी शिकवणारे पुष्कळ असतील. पण तुझ्या मागे मागे मंडईत पिशवी धरून हिंडायला कुणी ठेवलं असेल असं वाटत नाही.

उत्तर फोनवर नको. फोनवर तू “बघू” म्हणशील आणि मी “वारा फार आहे” म्हणेन. लिही. एका शब्दात लिहिलंस तरी चालेल. मात्र तो शब्द एकाच अर्थाचा असू दे.

तुझा (ही षष्ठी अजून लागू असेल तर),
अच्युत