बदामी भांडे आणि उद्याची वेळ

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
आतड्यांच्या विकारांचा विभाग,
सार्वजनिक रुग्णालय.

विषय : मयत पत्नीस मिळालेली उद्याची दुर्बीण-तपासणीची वेळ रद्द न करणेबाबत.
संदर्भ : पत्नीच्या फोनवर आज सकाळी आलेला आपल्या यंत्राचा संदेश.

महोदय,

सविनय सादर करतो की, मी निवृत्त टंकलेखक असून, माझ्या पत्नीस शौचावाटे रक्त जात असल्याने आपल्या विभागाने आतड्याची दुर्बीण-तपासणी लिहून दिली होती. जुलाबाचे औषध पिऊन पोट साफ झाले की नाही, हे हल्ली आपले कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र ठरवते. रुग्णाने घरून शौचाच्या भांड्याचा फोटो फोनवर पाठवायचा. यंत्राने 'तयारी पूर्ण' म्हटले तरच यायचे. पत्नीस दर वेळी उत्तर आले, 'तयारी अपुरी. तपासणी पुढे ढकलली आहे.'

माझी पत्नी धुतलेली बादली पुन्हा धुणारी बाई होती. ते खारट औषध तिने नाक दाबून, थेंबही न सांडता संपवले. शेवटी नुसते पाणी पडत होते, हे मी स्वतः पाहिले आहे. तरी आपल्या परिचारिकाबाईंनी फोनवर सुनावले, "आजी, तुम्ही चोरून काहीतरी खाताय. यंत्र कशाला खोटं बोलेल?" फोन ठेवून ती मला म्हणाली, "अहो, एवढं करूनही मी घाणच कशी?" वाट पाहता पाहता गाठ वाढली, आतडे बंद झाले आणि ती गेली.

यंत्राला मात्र हे कोणी कळवले नाही. तिचा फोन रोज सकाळी वाजतो : 'आपण अद्याप स्वच्छ झालेला नाहीत. कृपया फोटो पाठवा.' तो बंद करण्यास माझा हात धजत नाही. एकदा मीच भांडे घासून, त्यात स्वच्छ पाणी सोडून फोटो पाठवला. उत्तर तेच आले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमचे भांडे बदामी रंगाचे आहे. पांढरे लवकर मळते म्हणून तिनेच ते हौसेने निवडले होते. यंत्र त्या रंगालाच घाण समजत होते. हा उंटावरून शेळ्या हाकण्याचा प्रकार आहे, असे मी पूर्ण विचारांती टंकलिखित करीत आहे.

मी ते भांडे फोडून पांढरे बसवून घेतले. मुलीला वाटते, बाबांना भ्रम झाला आहे. आज सकाळी पांढऱ्या भांड्यातल्या नळाच्या पाण्याचा फोटो पाठवला. उत्तर आले, 'अभिनंदन. आपली तयारी उत्तम आहे. उद्या सकाळी उपाशीपोटी यावे.' हे मी तिच्या रिकाम्या पलंगाशी उभा राहून मोठ्याने वाचले. खोलीत कोणीतरी सुस्कारा सोडला. मुलगी म्हणते, तो माझाच होता.

तरी विनंती की, ही वेळ रद्द करू नये. मी उद्या उपाशीपोटी येऊन बाकावर बसेन. त्याच परिचारिकाबाईंनी दारात येऊन, सर्वांना ऐकू जाईल असे तिचे नाव एकदा पुकारावे आणि पुढे 'तयारी पूर्ण' एवढेच म्हणावे. मग मी उठून घरी जाईन व फोन बंद करीन.

पुकाऱ्याची वाट पाहणारा,
आपला नम्र,
(सही)
रुग्णाचा पती

दिनांक : तपासणीच्या आदला दिवस

सोबत :
१. बदामी भांड्याचा फोटो.
२. पांढऱ्या भांड्याचा फोटो.
३. मृत्यूचा दाखला (उद्यापर्यंत यंत्रास दाखवू नये).