मॉरीनची तीन पानं

१७ मार्च १९९८, अबुधाबी

आज आयरिश लोकांच्या संताचा दिवस. वॉर्डातल्या आयरिश नर्सेस सकाळपासून हिरव्या रिबिनी लावून फिरत होत्या. आमच्या हेड सिस्टर मॉरीनने तर युनिफॉर्मवर खरी डहाळी टाचली होती. तीन-तीन पानांची, जराशी कोमेजलेली. तिच्या आईने गावाहून पोस्टाने पाठवली म्हणे. त्यातलीच एक माझ्या हातावर ठेवली. आणि मी काय करावं? सरळ कपाळाला लावली! तीन पानं दिसली की हात आपोआप वर जातो. यंदा महाशिवरात्रीला बेल मिळाला नाही, ते मनात सलत होतंच.

वाटलं, आता हसेल. हसली नाही. म्हणाली, "तुमच्याकडे ही देवाला वाहतात?"

"अशीच दिसणारी. शंकराला."

तिने युनिफॉर्मवरची डहाळी काढून दिली. "मग हीपण वाहशील? आई आजारी आहे. मला सुट्टी मिळत नाहीये."

संध्याकाळी बाकीच्या पार्टीला गेल्या. मॉरीन ड्यूटीवरच राहिली.

घरी येऊन दोन्ही डहाळ्या शंकराच्या फोटोपुढे ठेवल्या. चालेल ना? पानं अगदीच मलूल झालीत. देवाला म्हटलं, बेल नाहीये हा. पण आईच्या हातचं आहे.