तळाची तार आधी तापली

१२ जानेवारी १९९५, कराड

आज सगळं बिनसलं! भांड्यात गाळणीवर खडूच्या गाळाचा ओला थर – आमचा 'केक' – त्यात वर, मध्ये आणि तळाला तापमान मोजायच्या तीन तारा, आणि वरून दाबाची वाफ. वाफ पाणी खाली रेटत उतरते. ती पोचेपर्यंत थर गार, पोचली की एकदम कढत. म्हणजे वरची तार आधी तापायची, मग मधली, मग तळाची. आज तळाची मधलीच्या आधी तापली.

तारा प्रयोगातल्या माझ्या जोडीदाराने, आम्रपालीने, जोडलेल्या. सरांसमोरच म्हणालो, मधली आणि तळाची तू उलट्या जोडल्यास. ती तारांकडे बघत राहिली. "आसंल," म्हणाली.

१३ जानेवारी

नवा केक, तारा मी जोडल्या. बरोबर आलं. लय शहाणा मी!

२ फेब्रुवारी

आम्रपालीने एम. ई. सोडलं. सर म्हणाले, सांगलीत हळदीच्या पेढीवर लागली. एवढ्याशा बोलण्याचा एवढा राग? उंब्रजहून येताना माझ्यासाठी जादा भाकरी आणायची. आता खानावळ.

१८ मार्च

तळाची आधी तापली. तारा माझ्याच हातच्या – पुन्हा पुन्हा तपासल्या.

शेवटी भांडं उघडलं. केकला आरपार भेग! वाफ भेगेतून थेट तळाला गेलेली, मधला भाग तसाच ओला. त्या दिवशीही हेच झालं असणार.

मी जतचा! काळ्या रानाला भेगा पडल्या की कोळपं धरून त्या बुजवायच्या, नाहीतर ओल उडून जाते, हे लहानपणापासून बघतोय. आबा तर म्हणतातच, "एक कोळपणी म्हंजे अर्धं पाणी." आणि मी केक उघडूनसुद्धा बघितला नाही. तिच्याकडे बोट दाखवणं सोपं होतं. फार लाज वाटते.

२० मार्च

कुठल्या तोंडाने जाऊ?

२५ मार्च, सांगली

गेलो. पेढीच्या दारातच भेगेचं सगळं सांगितलं, माफी मागितली. वाटलं होतं, चांगली फैलावर घेईल. रागावून गेलीस ना, असंही विचारलं.

"रागावून न्हाई. मला वाटलं, आपल्याला हे जमायचंच न्हाई."

तिचे हात हळदीने पिवळे झालेले, तेच बघत होती.

"म्हंजे मी नीटच जोडल्या हुत्या?"