नानासाहेबांच्या पानातली खोडलेली ओळ

५ सप्टेंबर
आमच्या इंदूरच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकातलं स्मरणपान पंचवीस तारखेला द्यायचं आहे. वर्षभरात गेलेल्या नामवंतांचं पान — बावीस वर्षं मीच लिहिते. यंदा दोघं. डॉक्टर मधुरिमाबाई आणि तबल्याचे पंढरीनाथजी. पंढरीनाथजींच्या मुलाला म्हटलं, कुणाला ठाऊक नसलेलं काहीतरी सांगा. म्हणाला, बाबा रोज रात्रीची भांडी स्वतः घासायचे, पण त्यावर कधी ठेका धरला नाही. भांडी घासताना नुसती भांडी घासायचे!

असं काही हाती लागलं की माझा दिवस छान जातो. लोकांना वाटतं मी सुतकी चेहऱ्यानं लिहीत असेन.

९ सप्टेंबर
सेक्रेटरी मनीषचा फोन. आखाड्याच्या नानासाहेबांची तब्येत ठीक नाही, त्यांचंही मटेरियल जमा करून ठेवा, बाद में दौडभाग होते, म्हणाला. मंडळाची ही जुनी चाल आहे. ऐंशीपुढच्यांकडे सत्काराचं निमित्त काढून जायचं, माहिती उतरवून आणायची आणि फाइलीत ठेवायची. मला दरवेळी ओशाळल्यासारखं होतं. तरी जाते.

११ सप्टेंबर
जुनी इंदूर मोहल्ल्यात त्यांच्या घरी जाऊन आले. नानासाहेब एकोणनव्वद वर्षांचे. मल्लखांबाचा आखाडा साठ वर्षं चालवला, आता नात श्रेया चालवते. मी सत्काराचं पुराण लावलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मेल्यावरचा सत्कार ना, बाई? लिहा. पण मला वाचून दाखवा."

मी गारच! मग दोघंही पोटभर हसलो.

१६ सप्टेंबर
वाचून दाखवलं. पदकं, शिष्य, राज्याचा पुरस्कार — सगळ्याला मान डोलावली. 'मुलींसाठी आखाडा पहिल्यापासून खुला ठेवला' या ओळीला हात वर केला.

"ही खोडा. एकीला मी परत पाठवलं होतं. चार दिवस फाटकाशी उभी होती. पाचव्या दिवशी आली नाही. पुढे मुली घेतल्या त्या तिच्यामुळे. तिचं नाव घाला."

काय नाव, मी विचारलं. "तेव्हा विचारलंच नाही," म्हणाले, आणि माझ्याकडे बघत राहिले. मी वही मिटली.

१७ सप्टेंबर
ती मी.

अकरा वर्षांची होते. पाचव्या दिवशी आईनं गणिताच्या शिकवणीला बसवलं. नानासाहेबांवरचा राग बरीच वर्षं होता, मग कधी संपला कळलंही नाही. शाळेतली नोकरी, संसार, ही पानं... सुखात गेलं सगळं. काल जिभेवर आलं होतं. पण आजारी माणसाला आता कशाला शरमिंदं करायचं? आणि दुसऱ्याच्या पानात आपल्याच हातानं आपलं नाव घुसवायचं? छे!

२० सप्टेंबर
श्रेया म्हणते 'पहिल्यापासून खुला'ची ओळ राहू द्या, घरच्यांना तिचा अभिमान आहे. मनीषचंही तेच. मी खोडली. त्या जागी लिहिलं: 'एका मुलीला त्यांनी परत पाठवलं आणि ते कधी विसरले नाहीत. तिचं नाव' — पुढे जागा कोरी.

२३ सप्टेंबर
नानासाहेब सकाळी गेले. झोपेतच.

२४ सप्टेंबर
उद्या पान द्यायचं आहे. जागा अजून कोरी. सांगायला हवं होतं मी! काय बिघडलं असतं माझं? दुपारभर रडले.

संध्याकाळी श्रेयाचा फोन. "ताई, आजोबा परवाच बोलले. म्हणे नाव त्या बाईंनाच माहीत आहे, पण त्या लिहिणार नाहीत. त्यांना सकाळी सहाला बोलव, मल्लखांबाचा दोर बांधून ठेव. ताई, सुतकामुळे आखाडा तर बंद आहे, पण मी दोर बांधलाय."

२५ सप्टेंबर
सहाला पोचले. पायाच्या अंगठ्यात दोर कसा धरायचा ते श्रेयानं शिकवलं. सत्तराव्या वर्षी! जमिनीपासून वीतभर वर, जेमतेम दोन श्वास. तळहात सोलवटलेत, पेन धड धरवत नाही.

कोरी जागा भरून पान देऊन आले — अरुंधती, वय वर्षं अकरा.