कोका बंद

३ नोव्हेंबर २००८

कोका बंद होणार. शेखर सर, माझ्या सृष्टीचे ज्युदोचे कोच, दुकानात येऊन सांगून गेले. बँकॉकला ज्युनिअरांच्या जागतिक स्पर्धेत कोक्याशिवाय खेळवून पाहिलं म्हणे. आता जानेवारीपासून सगळीकडे तेच.

मी विचारलं, "मग समोरचीचं बूड टेकवलं तर काय मिळणार?"

"पुण्य मिळेल, अण्णा."

हसलो. पण माझ्या पोरीचा सगळा खेळच कोक्यावर. समोरचीला बुडावर बसवायचं, कोका हा सगळ्यात छोटा गुण घ्यायचा, उरलेला वेळ हात लांब धरून तिला अंगाशी येऊ द्यायचं नाही. सत्तावन्न किलोत दोन वर्षं राज्यात पहिली आली ती अशीच.

८ नोव्हेंबर

ज्युदो तिला सरांनी शिकवलं. जपणं मी. सायखेड्याहून आलो तो लोकांच्या द्राक्षबागांत ठिबकचे चर खणायला. आज स्वतःचं ठिबकचं दुकान आहे, ते काही उडी मारून नाही. थोडं थोडं घेतलं, घेतलेलं सोडलं नाही. मॅटच्या कडेला बसून तेच ओरडत आलो – "पुढे आहेस, जप!"

सर म्हणतात, कोका मुळात नव्हताच. जपान्यांनी खेळ उभा केला इप्पॉनवर. पाठीवर स्वच्छ पाडलं की संपलं. पुढे ऑलिंपिक आलं, देशोदेशीचे पैलवान आले, वजनगट आले. निकाल लागेनात, म्हणून पंचाहत्तरच्या आसपास बारीक गुण काढले. मग लोक बारीक गुणांवरच जगायला लागले.

"तुमच्यावानी," मालन म्हणाली. बायको आहे, बोलणारच.

११ जानेवारी २००९

धुळ्याला नव्या नियमाची पहिली स्पर्धा. सृष्टीने समोरच्या मुलीला तीनदा बुडावर बसवलं. फलकावर शून्य. पंचाने हातसुद्धा हलवला नाही. शेवटच्या मिनिटात त्या मुलीने हिला कुशीवर पाडलं. युको, कोक्याच्या वरचा गुण. हरली.

येताना गाडीत मी म्हटलं, "जुन्या नियमाने तू जिंकलीस."

"जुन्या नियमाने मी खेळतच नसते, बाबा."

खरं आहे. बायकांचं ज्युदो ऑलिंपिकमध्ये पदकासाठी आलं ते ब्याण्णवला. ही तेव्हा तीन वर्षांची.

१२ जानेवारी

चूक माझी. नियमाची नाही.

२४ जानेवारी

डबा द्यायला सरांच्या हॉलवर गेलो. जिन्यातच आवाज आला. पाडण्याचे आवाज मला कळतात. बुडाचा मऊ, कुशीचा तुटका, पाठीचा सपाट. हा सपाट होता. लगेच दुसरा, तसाच. कोण ही एवढी, म्हणून दारातून डोकावलो तर सृष्टी. तिसऱ्यांदा कंबर आत घालून वळतच होती. मी "वा!" म्हटलं. तिने पाहिलं, कंबर मागे घेतली, हात लांब केले. नेहमीसारखे. दमली असेल.

सरांनी डबा घेतला. म्हणाले, "अण्णा, खाली चहा चांगला मिळतो."

३ फेब्रुवारी

राष्ट्रीय स्पर्धेसाठी राज्याची निवड रविवारी, आपल्याच हॉलमध्ये. सत्तावन्न किलोत एकच जागा. मालनने निफाडचं स्थळ धरून ठेवलंय. "निवडली तर लग्नाचं नावबी काढनार नाय. नाय निवडली तर मंग खेळ बास." सृष्टीने मान हलवली.

मी सदरा इस्त्रीला दिलाय. पहिल्या रांगेत बसणार.

८ फेब्रुवारी

सकाळी सातला सिन्नरहून लहानूचा फोन. जुनं गिऱ्हाईक. "अण्णा, फिल्टर चोंदला, पानी पुढं जात नाय. ऐन मालाची बाग हाय."

माणूस पाठवतो म्हटलं, तर "नाय, तुमीच या."

सृष्टीकडे पाहिलं. "जा बाबा. मी फोन करते."

गेलो. फिल्टर उघडला. आत मातीचा कण नाही. लहानू म्हणतो, "तुमाला बघून गाळ निघाला जनू." मग चहा, मग कोंबडी, जेवल्याशिवाय सोडेना.

दोनला फोन आला. तीन लढती, तिन्ही इप्पॉन. शेवटची तर दीड मिनिटात. निवड झाली.

लहानूच्या अंगणात मी एकट्यानेच टाळ्या वाजवल्या. दहा वर्षं मॅटच्या कडेला बसलो. जो आवाज ऐकायला बसलो, तो आला तेव्हा मी सिन्नरला.

९ फेब्रुवारी

लहानू दुकानात आला. त्याच्या हातावर पेढा ठेवला. खाता खाता बोलून गेला, "सृष्टीताई म्हनल्या व्हत्या, दोन वाजेस्तोवर अण्णांना सोडू नका." मग जीभ चावली.

मी त्याला दुसरा पेढा दिला. म्हटलं, "राष्ट्रीय स्पर्धा मार्चमध्ये आहे. तेव्हा फिल्टर परत बिघडव."